दुखणे ‘अंगावर काढणे’ : बाळंतपणानंतरचा व्यायामोपचार, त्याचा इतिहास आणि मराठी शब्द

बाळंतपणाच्या इतिहासात बहुधा दोनच घटना नोंदल्या जातात : जन्म आणि मृत्यू. माता दगावली तर ती आकडेवारीत येते. मूल जगले तर ते कुळात येते. परंतु जी स्त्री वाचली, उठून कामाला लागली आणि पुढची तीस-चाळीस वर्षे कंबरदुखी, खोकताना होणारी लघवी किंवा खाली उतरलेले गर्भाशय सांभाळत जगली, तिची नोंद इतिहासाने क्वचितच ठेवली. तिच्या दुखण्याला औषध नव्हते असे नाही. परंतु हे दुखणे सांगण्यासारखे आहे आणि ते बरे होऊ शकते, या दोन्ही गोष्टी समाजमान्य व्हायला विसावे शतक उजाडावे लागले.

गर्भारपण, बाळंतपण आणि ओटीपोटाचे आरोग्य यांच्याशी निगडित असलेली भौतिकोपचाराची, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण फिजिओथेरपी म्हणतो तिची, शाखा कशी घडली याचा धावता इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे. ही मांडणी वैद्यकाच्या नव्हे, भाषेच्या बाजूने केली आहे. ज्या स्नायूंना बळकट करायचे ते रुग्णाला दिसत नाहीत आणि उपचारकालाही हात धरून ते हलवून दाखवता येत नाहीत. येथे उपचाराचा पुष्कळसा भाग शब्दांनीच करावा लागतो. म्हणून या उपचाराचा इतिहास हा शब्द सापडण्याचा आणि न सापडण्याचाही इतिहास आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. शब्दांची साक्ष

गर्भाशय आपली जागा सोडून खाली सरकले, तर मराठीत ‘अंग बाहेर येणे’ असे म्हणतात. ‘अंग’ म्हणजे शरीर. ज्या अवयवाचे नाव घेता येत नाही, त्याला येथे साऱ्या शरीराचे नाव दिले आहे. स्राव होत असेल तर ‘अंगावरून जाते’ असे सांगितले जाते. येथेही अवयव अनुच्चारितच राहतो. आणि ज्या दुखण्यावर उपचार न करता ते सोसले जाते, ते ‘अंगावर काढले’ जाते. हा तिसरा वाक्प्रयोग केवळ स्त्रियांचा नाही; ताप किंवा खोकलाही अंगावर काढला जातो. तरी हे तीन प्रयोग शेजारी ठेवून पाहिले, तर मराठी स्त्रीच्या आरोग्याचा एक संक्षिप्त इतिहासच समोर येतो : अवयवाला नाव नाही, तक्रारीला आडोसा आहे, आणि सोसण्याला मात्र नेमका शब्द आहे.

‘ओटी’ या शब्दाची गोष्ट वेगळी. ‘ओटीपोट’ हा मराठीचा अस्सल घरगुती शब्द आहे आणि ओटी भरण्याच्या विधीमुळे त्याला मांगल्याची छटाही आहे. म्हणजे बेंबीखालच्या पोटाला भाषेने प्रतिष्ठा दिली, ती त्याच्या फलद्रूप होण्याच्या शक्यतेसाठी. पण ज्या आधारावर ही ओटी तोलली जाते, त्या तळाला बोलीत नाव नाही. समोरच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला स्नायूंचा हा पट मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या तिन्हींचा भार पेलतो. गर्भारपणात त्यावरील ओझे महिन्यागणिक वाढते आणि प्रसूतीच्या वेळी तो कमालीचा ताणला जातो, कधी फाटतोही. वैद्यक परिभाषेत ‘श्रोणितल’ असा शब्द घडवता येतो, परंतु तो बाळंतिणीच्या कानावर पडत नाही.

२. परंपरेने काय दिले

भारतीय परंपरेने बाळंतिणीची उपेक्षा केली, असे सरसकट विधान करणे अन्यायाचे होईल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकेला स्नेहपान देण्याचे, तिच्या पोटाला तूप-तेल लावून ते मोठ्या वस्त्राने वेष्टित करण्याचे सांगितले आहे. रिकाम्या झालेल्या पोटात वायूला विकृती निर्माण करण्यास अवकाश मिळू नये, हे त्यामागचे कारणही तेथे दिले आहे. सुश्रुताने सूतिकाकाल दीड महिन्याचा मानला. दोन्ही संहितांनी वीस योनिव्यापदे वर्णिली असून त्यांत अवयव स्थानभ्रष्ट होण्याच्या अवस्था स्वतंत्रपणे ओळखलेल्या दिसतात. स्नेहन व स्वेदन करून ते हाताने आत बसवावे आणि वर बंध बांधावा, अशी चिकित्साही सांगितली आहे. दुखणे ओळखले गेले होते, त्याला नावही होते. परंतु त्या नावाची भाषा संस्कृत होती आणि ग्रंथ वाचणारा वैद्य पुरुष होता.

मूलबंध आणि अश्विनीमुद्रा या हठयोगातील क्रियांचा उल्लेख येथे करणे आवश्यक आहे. गुद व शिवण यांच्या प्रदेशाचे आकुंचन हे या क्रियांचे शारीरिक रूप आणि आधुनिक व्यायामातील आकुंचन यांत साम्य आहे, हे निर्विवाद. तथापि या साम्यावरून आधुनिक उपचाराचा उगम आपल्याकडे झाला, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. हठप्रदीपिकेत मूलबंधाचे प्रयोजन अपानवायू ऊर्ध्वगामी करणे हे आहे आणि ती साधकासाठी आहे. बाळंतिणीच्या खोलीत ती क्रिया पोहोचल्याचा पुरावा ग्रंथांत मिळत नाही. ज्ञान होते, त्याचा पत्ता वेगळा होता.

खोलीत जे पोहोचले ते सुईणीच्या आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या हातून. सव्वा महिन्याची विश्रांती, तेलाचे मालीश, बाजेखालची शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, पोटाला घट्ट बांधलेले लुगड्याचे फडके, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू ही मराठी घरांतील बाळंतपणाची परिचित सामग्री. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. या व्यवस्थेचे मोठेपण असे की तिने बाळंतिणीचा वेळ राखून ठेवला. तिच्या मर्यादाही दोन होत्या. एक, तिचा रोख दुधावर, कंबरेवर आणि पोटाच्या आकारावर होता. तळाच्या स्नायूंपर्यंत तो जात नव्हता. पोट घट्ट आवळल्याने वरचा दाब खाली जातो, हा विचार तिच्यात नव्हता. दोन, हा सव्वा महिना सर्वांच्या वाट्याला येत नव्हता. शेतमजूर स्त्रीला दहाव्या-बाराव्या दिवशी डोक्यावर हंडा किंवा मोळी घ्यावी लागे, आणि अंग बाहेर येण्याची वाट अशा ओझ्यांतूनच जाते.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. परंपरेतील ज्ञान आणि नवे वैद्यक यांना एकाच मराठी स्त्रीच्या लेखणीखाली आणण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न म्हणता येईल. १८८७ च्या फेब्रुवारीत त्यांचा मृत्यू झाला आणि हा धागा तेथेच तुटला.

३. अंथरुणातून उठवणाऱ्या स्त्रिया

युरोपातील चित्र त्या काळी फारसे वेगळे नव्हते. तेथेही संपन्न घरांतील बाळंतिणीला आठवडा-दोन आठवडे अंथरुणात निजवून ठेवण्याची पद्धत होती. अंग बाहेर आले तर आधारासाठी आत बसवायची कडी, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रिया, हे मुख्य उपाय होते. व्यायामाचा विचार आला तो स्वीडनमधून. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची मध्यवर्ती संस्था स्थापन केली होती. त्याच परंपरेतील थुरे ब्रांट या लष्करी अधिकाऱ्याने १८६० च्या दशकापासून खाली उतरलेल्या गर्भाशयावर मर्दन आणि व्यायाम यांचा उपचार सुरू केला. त्यांच्या पद्धतीची कीर्ती जर्मनीपर्यंत पोहोचली. पण वैद्य नसलेल्या पुरुषाने स्त्रीच्या शरीराला केलेला हा स्पर्श अनेकांना संशयास्पद वाटला आणि ती पद्धत मागे पडली.

हा संशयच पुढील इतिहासाचे एक कारण ठरला. १८९४ मध्ये लंडनमधील मर्दनगृहांच्या नैतिकतेविषयी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने गंभीर आक्षेप घेतले. त्याच वर्षी ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर या चार परिचारिकांनी प्रशिक्षित मर्दन करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. १९२० मध्ये तिला राजसनद मिळाली. आजच्या ब्रिटिश भौतिकोपचारकांची मातृसंस्था ती हीच. यांपैकी पॅजेट या सुईणींच्या व्यवसायाला कायद्याची मान्यता मिळावी म्हणून झटणाऱ्यांपैकी एक होत्या. तो कायदा १९०२ मध्ये झाला. भौतिकोपचार आणि सुईणपण ही दोन कामे जन्मतः एकमेकींच्या शेजारी होती, हे विसरता येत नाही.

ती प्रत्यक्ष एकत्र आली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात. तेथील प्रसूतितज्ज्ञ जे. एस. फेअरबेर्न यांच्या सूचनेवरून १९१२ मध्ये मिनी रँडेल यांनी बाळंतिणींसाठी अंथरुणातच करावयाच्या व्यायामांची आखणी केली. रँडेल या स्वतः परिचारिका, सुईण आणि मर्दनशास्त्राच्या शिक्षिका होत्या. पुढे नर्तकी मार्गारेट मॉरिस त्यांच्या कामात सामील झाल्या. मॉरिस यांनी भौतिकोपचाराचे शिक्षणही घेतले आणि १९३६ मध्ये बाळंतपणातील व शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. रँडेल यांचे १९३९ मधील पुस्तक तर ‘आईच्या दृष्टिकोनातून’ लिहिले असल्याचे शीर्षकातच सांगते. प्रसूतीची वैद्यकीय पुस्तके तोवर प्रसूती करणाऱ्याच्या दृष्टीने लिहिली जात होती. प्रसूत होणारी ही रुग्ण नसून एक श्रम करणारी व्यक्ती आहे आणि श्रमाचे शिक्षण घेता येते, हा विचार येथे रुजला. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ पासून भय, ताण आणि वेदना यांच्या साखळीविषयी लिहिले, त्याने या विचाराला वैद्यकाचा आधार मिळाला. हेलन हर्डमन यांनी त्यांच्या तत्त्वांना व्यायामाची रीत दिली. १९४८ मध्ये ब्रिटनमधील प्रसूतिविषयक भौतिकोपचारकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली.

४. सुई हलते आहे

त्याच १९४८ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे जगभर ज्यांना ‘केगेल व्यायाम’ म्हटले गेले, त्यांचे हे आरंभस्थान. परंतु केगेल यांचे खरे योगदान व्यायामात नव्हे, एका साध्या उपकरणात होते. योनिमार्गात ठेवायची रबराची पोकळ नळी आणि तिला जोडलेला दाबमापक. स्त्रीने योग्य स्नायू आवळला की तबकडीवरची सुई हले. जे दिसत नव्हते ते तिला प्रथमच दिसू लागले. नुसते तोंडी सांगून पुष्कळ स्त्रियांना हा स्नायू सापडत नाही, हे केगेल यांनी ओळखले होते. त्यांनी दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी वीस मिनिटे, सुईकडे पाहत सराव करायला सांगितला.

पुढे जे घडले ते उद्बोधक आहे. उपकरण मागे राहिले आणि व्यायामाचे नाव तेवढे पसरले. पत्रकांतून, मासिकांच्या आरोग्यसदरांतून ‘लघवी रोखल्यासारखे करा’ एवढे एक वाक्य शिल्लक उरले. या वाक्याची परीक्षा १९९१ मध्ये रिचर्ड बंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. ४७ स्त्रियांना थोडक्यात तोंडी सूचना दिल्यानंतर त्यांनी केलेले आकुंचन मोजले, तेव्हा २३ जणींचेच ते योग्य आढळले. १२ जणी तर उलट खाली जोर देत होत्या; म्हणजे ज्या दोषासाठी व्यायाम करायचा तोच वाढवणारी कृती करीत होत्या. अपुऱ्या शब्दांनी केवळ गुण येत नाही असे नव्हे, अपायही संभवतो, हे या छोट्या अभ्यासाने दाखवले.

शब्दांबरोबर तपासणी, देखरेख आणि सातत्य असेल तर काय होते, याचाही पुरावा नंतर मिळाला. नॉर्वेतील कारी बो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १०७ स्त्रियांच्या अभ्यासात खोकताना-शिंकताना होणाऱ्या मूत्रस्रावावर व्यायाम हा विजेच्या उत्तेजनापेक्षा आणि योनीत धरायच्या वजनांपेक्षा सरस ठरल्याचे दाखवले. सुझन हेगन आणि सहकाऱ्यांनी ४४७ स्त्रियांची चाचणी घेतली. २०१४ मधील त्यांच्या निबंधानुसार अंग उतरण्याच्या त्रासातही एकेकीला दिलेल्या व्यायामशिक्षणाने लक्षणे कमी झाली. आजच्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचने असा क्रम सांगितला आहे. हा उपचार खर्चिक नाही. त्याला लागते ती शिकवणारी व्यक्ती आणि शिकणारीला कळणारी भाषा.

५. भारतातील वाट

भारतात भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले ते मुंबईत. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास केंद्र शासन, मुंबई महानगरपालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने पहिली शाळा निघाली. तिच्यामागची तातडीची प्रेरणा पोलिओची होती. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये या व्यवसायाच्या पाळण्याजवळ सुईण उभी होती. आपल्याकडे त्याच्याजवळ लुळी पडलेली मुले होती. ती निकड खरीच होती. पण त्यामुळे आपल्या कल्पनेत भौतिकोपचार म्हणजे हात-पाय, गुडघे आणि पाठ असे समीकरण झाले. बाळंतिणीने या दारात यावे, हे तिला कोणी सांगितले नाही आणि दारातल्यांनीही बराच काळ तिची वाट पाहिली नाही.

ती किती गप्प होती, हे १९८९ मध्ये जगाला कळले. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्याआधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. दुखणे अंगावर काढणे या वाक्प्रयोगाचे यापेक्षा नेमके संख्यारूप मिळणे कठीण. अभ्यासाइतकीच महत्त्वाची होती ती त्यामागची रीत. गावातील स्त्रिया शरीराविषयी ज्या शब्दांत बोलतात ते शब्द ऐकणे, हा डॉ. राणी बंग यांच्या कामाचा पाया राहिला. त्यांच्या मराठी पुस्तकाचे ‘कानोसा’ हे नावही तेच सांगते.

न ऐकण्याची किंमत काय असते, हे तीस वर्षांनी बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोडीला जाणाऱ्या हजारो स्त्रियांची गर्भाशये काढून टाकल्याचे उघड झाले आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. या शस्त्रक्रियांमागे मजुरी बुडण्याची भीती, उसाच्या मोळ्यांचे ओझे, फडावरील शौचालयांचा अभाव, खासगी रुग्णालयांचा व्यवहार अशी अनेक कारणे होती. सर्वच तक्रारी व्यायामाने बऱ्या झाल्या असत्या, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु स्राव, ओटीपोटातले दुखणे किंवा अंग उतरल्याची भावना घेऊन आलेल्या स्त्रीसमोर सोसणे आणि काढून टाकणे या दोन टोकांमध्ये एकही पायरी नसावी, ही व्यवस्थेची उणीव आहे.

दरम्यान बाळंतपणाची जागाच बदलली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३८.७ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ८८.६ टक्के झाले. सिझेरियनचे प्रमाण याच काळात ८.५ वरून २१.५ टक्क्यांवर गेले. असंख्य मातांचे प्राण वाचवणारा हा बदल आहे. पण त्यात सुईण मागे सरली, सव्वा महिना आखडला, आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी आले नाही. स्त्री दोन-चार दिवसांत रुग्णालयातून घरी जाते. पुढे आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी भेटी देते. या भेटींचा मुख्य रोख, आवश्यक असा, नवजात बाळावर असतो. सुश्रुताचा दीड महिना, घरातला सव्वा महिना आणि शासनाचे बेचाळीस दिवस हे काळाचे माप जवळजवळ सारखेच आहे. माप आहे; त्यात आईच्या स्नायूंसाठी अजून काही घातलेले नाही. व्यवसायाला केंद्रीय कायद्याची चौकट २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग अधिनियमाने मिळाली. स्त्री-आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेल्या भौतिकोपचारकही आता आहेत, मात्र बहुतांश मोठ्या शहरांत.

६. समारोप : तळाला नाव

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी स्त्रीसाठी हा प्रश्न दुहेरी आहे. माहेरी बाळंतपणाला जाण्याच्या प्रथेने तिला निदान पहिल्या खेपेला तरी आपल्या भाषेत दुखणे सांगता येत असे. इंदूर, हैदराबाद, बडोदे किंवा दिल्ली येथे बाळंत होणारीला वैद्य, परिचारिका आणि भौतिकोपचारक वेगळ्या भाषेत भेटतात. ‘अंगावरून जाते’ याचे शब्दशः भाषांतर केले तर त्यातून काहीच कळत नाही. ज्या उपचारात सूचना चुकली तर कृती उलटी होते, तेथे ही केवळ सोयीची अडचण उरत नाही.

म्हणून मराठीच्या अभ्यासकांसमोर एक छोटे पण निकडीचे काम आहे. इंग्रजीने या स्नायूंना ‘तळ’ म्हटले. पण फरशीसारखा तळ आवळता येत नाही, उचलता येत नाही. भौतिकोपचारक स्वतः समजावताना त्याला दोन्ही टोकांना बांधलेल्या, मध्ये लवणाऱ्या कापडाची उपमा देतात. मराठीत त्या कापडाला नाव आहे : झोळी. शेताच्या बांधावर झाडाला बांधलेल्या झोळीत मूल निजवणाऱ्या स्त्रीला ती सैल कशी होते आणि वर कशी ओढून घ्यावी, हे सांगावे लागत नाही. ‘ओटीची झोळी’ असा शब्द वापरून ‘वारा सरताना थांबवावा तशी ती आत आणि वर ओढून घ्यावी, श्वास कोंडू नये, पोट-मांड्या आवळू नयेत, मग सावकाश सोडून द्यावी’ असे सांगितले, तर सूचना पुष्कळच स्पष्ट होते. लघवीची धार मध्येच रोखण्याचा नित्य सराव मात्र करू नये, हेही त्याच शब्दांत सांगता येते. हा शब्द अंतिम नाही. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात स्त्रिया काय म्हणतात हे ऐकून तो पारखला पाहिजे. आणि शब्द कितीही चांगला असला तरी तपासणारा जाणता हात हवाच.

रँडेल यांनी आईच्या दृष्टीने लिहिले, केगेल यांनी तिला तिचे बळ दाखवले, गडचिरोलीत तिचे बोलणे ऐकले गेले. या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे हा उपचार पुरा होतो. त्यांपैकी पहिली आणि तिसरी भाषेची आहे. बाळंतपणाच्या पुनर्जन्मातून उठलेल्या स्त्रीला आपले दुखणे अंगावर काढावे लागू नये, यासाठी ते प्रथम तोंडावाटे निघाले पाहिजे; आणि तसे ते निघावे म्हणून त्याला शब्द पुरवणे हे भाषेच्या अभ्यासकांचेही कर्तव्य आहे.